एक सेंटीमीटरला किती?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. तोंड मिटून बसायचं, ते व्रत कधी आणि रुसवा कधी? — हसलात! म्हणजे घरोघरी माहीत आहे तर!

मथुराबाईंचं वय अठ्ठेचाळीस. नववीत लग्न झालं, शाळा सुटली. आता धाकट्या जावेबरोबर, कुमुदबरोबर, दहावीला बसायचं ठरवलं! दुपारच्या वर्गात एका शनिवारी कुमुद हसली, "जाऊबाई, हा 'क्ष' आहे की जिलबी?" झालं! झोंबलं! सोमवार उजाडला, महादेवाचा वार. मथुराबाईंनी मौन धरलं. भाजीवालीशी बोलल्या, मांजराशी बोलल्या — मौन फक्त जावेशी! केवढं कडक व्रत!

नेमका त्याच दुपारी वर्गावरच्या साळुंखेबाईंनी दोघींना मिळून एक आलेख दिला. "दोन संख्यांची बेरीज सहा, वजाबाकी दोन. एकीनं बेरजेची रेघ काढा, दुसरीनं वजाबाकीची. रेघा छेदतील तिथे उत्तर. घंटेपर्यंत एकच उत्तर द्या, नाहीतर दोघींचे परीक्षेचे फॉर्म इथेच राहतील!"

आता आलेखाला आधी प्रमाण ठरवावं लागतं — एक सेंटीमीटर म्हणजे किती. पण ठरवायला बोलावं लागतं ना! मथुराबाईंनी मनातल्या मनात एक धरला, बेरजेची रेघ ओढली, कागद सरकवला. कुमुदनं मनातल्या मनात दोन धरले, त्याच कागदावर वजाबाकीची रेघ ओढली. अक्षांवर आकडे? दोघींना वाटलं, दुसरी घालेल!

रेघा छेदल्या हो, झोकात छेदल्या! मथुराबाईंनी मोजून लिहिलं: साडेतीन आणि अडीच. बेरीज सहा! कुमुदनं त्याच बिंदूवर बोट टेकवलं. "छे! सात आणि पाच. वजाबाकी दोन, बरोब्बर!"

बिंदू एक, उत्तरं दोन! कारण मंडळी, प्रत्येकीनं पडताळलं ते फक्त आपलंच समीकरण!

मथुराबाईंनी पाटीवर लिहिलं, "तुझं चुकलं." कुमुद म्हणाली, "तुमचं!" घंटेला दहा मिनिटं उरली. मथुराबाईंची नजर फॉर्मवर गेली. स्वतःच्या हातानं लिहिलेलं स्वतःचं नाव. शेजारी कुमुदचा फॉर्म.

ओठ उघडले. "कुमुद, एक सेंटीमीटरला तू किती धरलेस गं?"

"दोन. तुम्ही?"

"एक."

कुमुदनं कपाळावर हात मारला! "अगंबाई, जाऊबाई, मौन मोडलं की तुमचं!"

"मोडू दे! महादेवाला दहावीला बसायचं नाही, मला बसायचंय! खोडरबर दे!"

एकच प्रमाण धरलं, रेघा नव्यानं काढल्या. चार आणि दोन! बेरीज सहा, वजाबाकीही दोन! घंटा झाली तेव्हा मथुराबाई 'क्ष' लिहीत होत्या. तसाच, वळणावळणाचा. कुमुद हळूच म्हणाली, "असू द्या जिलबी. गोड आहे."

मंडळी, तुम्ही म्हणता, "मी एवढंसं बोलले." ती म्हणते, "केवढं बोललात!" बोलणं तेच, प्रमाण वेगळं. तिसऱ्या रांगेतल्या वहिनी, मान खाली घालू नका! सोमवार नसतानाही ज्याच्याशी तुमचं मौन चालू आहे, त्याच्यापाशी आज जा, हात जोडा आणि एवढंच विचारा — बाबा रे, तुझ्याकडे एक सेंटीमीटरला किती?