हाक न मारता

नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीला, सईला ऑटिझम आहे असं सांगितलं, तो सोमवार होता. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, शिकवावं लागेल. आम्ही एसटीनं श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला परत आलो.

मी मूळची संगमनेरची. वडील मास्तर, घरात पुस्तकं पुष्कळ आणि बोलणं कमी. लग्न होऊन बेलापूरला आले, इथल्या शाळेत ग्रंथपाल म्हणून लागले. सईचे बाबा साखर कारखान्यात कारकून होते. सई दोन वर्षांची असताना ते गेले, सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारी नव्हते. त्यानंतर सई बोलेना, हाकेला वळून बघेना, तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणायचा, पोरीनं बाप गेल्याचा धसका घेतलाय. काय सांगू तुम्हाला, मला ते ऐकून बरं वाटायचं, कारण दुःखच असेल तर ते कधीतरी ओसरेल. घरात आम्ही दोघी रडणाऱ्या आणि तिसरी गप्प, त्यात निराळं ते काय दिसणार? डॉक्टरांनी एवढंच विचारलं, वडील होते तेव्हा ती बोलायची का. मी आठवत बसले. तेव्हाही बोलत नव्हती.

सासूबाईंना डॉक्टरांचं म्हणणं पटलं नाही. हिचा बाप तरी कुठं बोलत हुता, म्हणाल्या, पाचव्या वर्षी तोंड उघडलं त्यानं, अन् मंग मिटलंच न्हाई. आणि मला म्हणाल्या, तू दिवसभर पुस्तकाशी बोलती, पोर कुनाचं ऐकून शिकनार?

श्रीरामपूरला एक ज्योतीताई अशा मुलांना शिकवतात असं कळलं, म्हणून मी सईला तिकडे नेऊ लागले. एसटीत सई कानांवर हात ठेवून बसायची आणि बायका म्हणायच्या, लाडानं बिघडवलंय. ज्योतीताईंनी चित्रं दिली, भूक लागली की सईनं ताटाचं चित्र माझ्या हातात द्यायचं. ते तिनं पहिल्यांदा दिलं तेव्हा मी हातातलं काम टाकून तिला पोळी वाढली. ताईंनी सांगितलं, मोठा आवाज हिला मारासारखा लागतो, हिला नावानं ओरडून बोलवू नका, जवळ जा, खाली बसा, थांबा. आणि जाता जाता म्हणाल्या, घराजवळ पाट आहे ना, अशा मुलांना पाण्याची फार ओढ असते, दाराला वरून कडी लावा. त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच.

आणि एके दुपारी कडी उघडी राहिली. कोणी काढली ते मी विचारलं नाही. शाळेतून आले तर सासूबाई दारात उभ्या, आणि सई घरात नव्हती. पाटाला पाणी सुटलं होतं. गाव चांगलं हो, पाच मिनिटांत सगळे धावले. आमच्याकडे पोर हरवलं की हाका मारत शोधतात, तशी माणसं सई, सई करत गल्लीबोळांतून निघाली, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही तिचं नाव सुरू झालं. मी अंगणात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं, ज्या बाजूला हाका नाहीत त्या बाजूला ती पळणार, आणि हाका नव्हत्या फक्त पाटाकडे.

मी ओरडू नका म्हणत धावले. शेजारचे रामभाऊ म्हणाले, वहिनी, हाक न मारता पोर घावंल कसं? कुणीतरी मागून म्हणालं, बाईचं डोकं फिरलं, नवऱ्यामागं पोर बी. माझा आवाज मुळात लहान, तो कोणाला ऐकू जाणार? तेव्हा सासूबाई ओट्यावर चढल्या आणि अशा कडाडल्या, की ए, गप ऱ्हावा समदे! माझी सून सांगती ते ऐका! भोंगा बंद करा त्यो! आधी त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं.

गाव थांबलं. मी एकटी पाटाच्या कडेनं उसातून चालत गेले. पाण्याचा आवाज येत होता आणि मला पाण्याकडे बघवत नव्हतं. मग उसात गुणगुण ऐकू आली. सई भरावाच्या उतारावर बसली होती, कानांवर हात, पाय जवळजवळ पाण्यात. मला धावायचं होतं. मी धावले नाही. तिच्यापासून थोडी लांब, खाली मातीत बसले आणि थांबले. किती वेळ ते देव जाणे. ती सरकत सरकत वर आली आणि तिनं माझा पदर धरला.

आता पाटाला पाणी सुटायचं असलं की पाटकरी मला आधी फोन करतो. रामभाऊंनी गल्लीतल्या पोरांना बजावलंय, सई दिसली तर ओरडायचं नाही, एकानं तिच्याजवळ बसायचं आणि दुसऱ्यानं घरी यायचं. सासूबाई ज्योतीताईंकडे माझ्यासोबत येतात. देव त्या सगळ्यांचं भलं करो. सई अजून बोलत नाही. मी गेल्यावर तिच्याजवळ कोण बसेल, ते मला माहीत नाही. घरात आम्ही तिघी आहोत.