फोटोत येऊ नका

…नाय हो वॉचमनभाऊ, विकायला काय आणलं नाय मी. तिसऱ्या मजल्यावरच्या राजेंद्रदादांना भेटायचंय. लावा की वर फोन — म्हणावं पुंजाराम आलाय, फुलंब्रीकडचा, तुमचं शेत बटईनं करणारा. उचलत नाय? उचलतील, गाडी तर खालीच हाय त्यांची. बसतो मी इथंच. तुमचं नाव काय म्हणलं? याह्या. आन् गाव? फर्दापूर! मग याह्याभाई, तिकडं शेतीबिती? — नाय ना. मलाबी नाय. माझ्या बापालाबी नव्हती. मग तुम्हाला समजंल मी काय म्हणतो ते.

अकरा वर्सं झाली माझ्या शेतात… आपलं, त्यांच्या शेतात राबतोय. बी त्यांचं, मेहनत आमची, माल निम्मा-निम्मा. त्याच्यावरच घर चालतं, दुसरं काय हाय आमच्याकडं? दादा इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, बांध कुठला कुणाचा तेबी त्यांना मला विचारावं लागतं. आता ती पीक पाहणी निघाली ना मोबाईलवर — उभ्या पिकाचा फोटो काढून सरकारला पाठवायचा — तीबी मीच करायचो. ओटीपी ते फोनवर सांगायचे, फोटो मी काढायचो. फकस्त एक सांगणं — पुंजारामभाऊ, फोटोत येऊ नका. का? तर कुळ लागंल. म्हंजी कसणारा माणूस दिसला का उद्या तोच जमिनीवर हक्क सांगंल, ह्याचं भ्याव. मी म्हणायचो, व्हय दादा. माझी सावलीसुदीक पडू द्यायचो नाय, ऊन डोक्यावर यायची वाट बघायचो.

गेल्या भादव्यात मनकर्णा, माझी बायको, फोटोच्या मधी आली. कपाशी खुरपत होती, चुकून आली. दादांनी इचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, पण त्यांनी इचारलंच नाय. उलट दिवाळीला आले, तिच्या हातची भाकर खाल्ली, ठेचा अजून मागून घेतला, आन् माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणले, पुंजारामभाऊ, शेत आपलंच हाय. आपलंच! सांगा याह्याभाई, आपलं म्हंजी माझं का त्याचं? मी येडा, मला वाटलं दोघांचं. परवा गुढीपाडव्याला सकाळी बघतो तर शेतात ट्रॅक्टर. ड्रायव्हर म्हणला, औंदा गावातल्या सांडूला दिलंय बटईनं, तुम्ही तुमच्या बाईचा फोटो सरकारात पाठवला ना, दादांनी तवाच बघितला, म्हणून. म्हंजी भादव्यातच कळलेलं, आन् दिवाळीला माझ्या घरात जेवून गेला माणूस! आईवरनं शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तरी चाललं असतं. पण हे लई लागलं. केसानं गळा कापला माझा.

काय म्हणता? फोटो मीच काढला तर ती चुकून कशी येईल?

…व्हय. मीच म्हणलं, उभी ऱ्हा. जल्मभर लोकांच्या रानात वाकली ती, पिकात ताठ उभी असल्याचा एक फोटो नाय तिचा. म्हणलं पदर नीट घे. कपाशी खांद्याला लागलेली, लई चांगली दिसत होती. आन् तुमच्याशी खोटं कशाला बोलू — पाठवायचं बटण दाबताना मनात आलंच. दुसरा काढता आला असता. पण म्हणलं ऱ्हाऊ दे हाच, कुठंतरी सरकारात दिसू दे का इथं आम्हीबी होतो. जमिनीसाठी नाय केलं ते. म्हंजी — जमीन कुणाला नको असती? पण त्याच्यासाठी नाय केलं.

वाजला बघा फोन. सांगा, पाचच मिन्टं. हात जोडायचे तर जोडतो, पाय धरायचे तर धरतो, म्हणावं शेत तेवढं… काय म्हणले?

वर येऊ नको?

चावी? — हिरीवरच्या मोटारीची? ती तुमच्याजवळ ठेवून जा म्हणले?

बरं. ही घ्या. आन् याह्याभाई, एक निरोप द्या — सांडूला सांगा म्हणावं, स्टार्टरचं हिरवं बटण दोन डाव दाबावं लागतं. पहिल्या डावात मोटार पाणी उचलत नाय, आन् माणसाला वाटतं हिरच आटली. तेवढं सांगा. उघडा गेट.