सकाळी नऊचा मिसकॉल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय विमलाबाई पोतनीस, उद्यापासून हा दवाखाना सांभाळणारे तरुण डॉक्टर सिद्धेश, सत्कारमूर्ती डॉक्टर वैशाली ओक, आणि रविवारची सकाळ मोडून या सभागृहात जमलेले नौपाड्यातले तमाम आजी-माजी पेशंटहो,

मी महेंद्र कासारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. मास्क लावून बोलतोय, राग मानू नका. गर्दीत जायचं नाही हा डॉक्टरबाईंचाच आठ वर्षांपूर्वीचा हुकूम, आणि आजचं आमंत्रणही त्यांचंच. पेशंटने ऐकायचं तरी कोणतं?

आठ वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने, रंभाने, मला तिची एक किडनी दिली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, उत्तम झालं. घरी आलो आणि महिन्याभरात ताप भरला. हॉस्पिटलात फोन केला, तर म्हणाले, आधी फॅमिली डॉक्टरला दाखवा. इथल्या दोन दवाखान्यांत गेलो. किडनी बदललेली आहे म्हटल्याबरोबर दोघांनीही हात जोडले, म्हणाले, तुम्ही आपले मुंबईलाच जा. एकशे दोन ताप अंगात घेऊन मी गोखले रोडवर उभा होतो आणि मी नक्की कोणाचा पेशंट, हेच मला कळत नव्हतं.

तेव्हा रंभा मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाई काय म्हणाल्या असतील? "कासारे, मला किडनीतलं फार कळत नाही. पण मला फोन करता येतो." आणि माझ्यासमोर त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. कोणतं औषध चालेल, कोणतं माझ्या गोळ्यांशी भांडेल, सगळं लिहून घेतलं. सत्तरीला टेकलेली डॉक्टर विद्यार्थ्यासारखी लिहून घेते, हे मी त्यानंतर आठ वर्षं बघत आलो. मध्यंतरी गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याकडून एक साधी वेदनाशामक गोळी आणली. असली गोळी किडनीला घातक, म्हणून बाई एवढ्या रागावल्या, की तेवढी बोलणी मी माझ्या साहेबांचीसुद्धा खाल्ली नव्हती.

आता जे सांगतो ते इथे फक्त बाईंना माहीत आहे. परवानगी त्यांच्याकडून घेतलेली आहे.

सहा वर्षांपूर्वी रंभा गेली. झोपेतच हृदय बंद पडलं. किडनी दिल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मला तीन डॉक्टरांनी समजावलं. मला ते पटलं नाही. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मी सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळ्या घेतो. त्या मी बंद केल्या. तिची वस्तू तिच्याबरोबर जाऊ दे, असं वाटलं. चार दिवस एकही गोळी घेतली नाही. पाचव्या दिवशी बाई भेटायला आल्या. माझे सुजलेले पाय बघितले आणि एवढंच विचारलं, "किती दिवस?"

मी बोटं दाखवली. त्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "रंभावहिनींनी ती तुम्हाला दिली होती. परत मागितल्याचं मला तरी काही बोलल्या नाहीत." मग मला स्वतः हॉस्पिटलात नेऊन दाखल केलं. किडनी वाचली, थोडी थकली, पण वाचली.

घरी आल्यावर बाईंनी नियम घातला. सकाळची गोळी घेतली की त्यांना मिसकॉल द्यायचा. त्या उचलणार नाहीत, मीही बोलायचं नाही. खात्यात जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, आणि माझ्या वाट्याला हा एक न उचलायचा फोन आला. पण खरं सांगतो, कित्येक दिवस असे गेले की तेवढाच माझा दिवसभरातला संवाद.

तीन वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासात गेल्यावर मी इथून लांब, कोलशेतला आठव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. एकदा चार्जर बिघडला आणि मिसकॉल राहिला. पावणेदहाला बेल वाजली. दारात बाई, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. "पेशंट बसवून रिक्षाने आलेय. गोळी घेतली?" घेतली म्हटलं. पाणीसुद्धा न घेता परत गेल्या. दोन महिन्यांत माझ्या घरी आलेलं ते पहिलं माणूस.

डॉक्टर सिद्धेशनी परवा प्रेमाने माझ्या फोनमध्ये आठवण देणारी सोय टाकून दिली. नऊ वाजता फोन विचारतो, औषध घेतले का? मी हो दाबतो. न घेताही हो दाबता येतं, डॉक्टर. मी करून बघितलं.

बाई उद्या मुलाकडे नागपूरला चालल्या. आज सकाळी नऊला मी मिसकॉल दिला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उचलला. म्हणाल्या, "नंबर हाच राहील, कासारे. पण नागपूरहून रिक्षा येत नाही. शेजारी कोणाला तरी सांगून ठेवा."

कोणाला सांगणार? त्या मजल्यावर मी कोणाला किडनीचं बोललेलो नाही, आपण होऊन कोणाचं दार वाजवलेलं नाही. फोन ठेवला, शर्ट बदलला, समोरची बेल वाजवली. चाळिशीच्या एक बाई आल्या. म्हटलं, मी समोर राहतो, एकटाच असतो, तब्येतीचं थोडं सांगायचं होतं. त्या फार चांगल्या वाटल्या. हसून म्हणाल्या, "या ना आत काका. नवीनच राहायला आलात का?"

डॉक्टरबाई, मी हो म्हणालो. आत जाऊन बसलो. सगळं सांगितलं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घंटी हातात असून वाजवली नाही, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, सत्कार सोडून स्वतःचंच सांगत बसलो असेन, तर पोटात घाला. एवढा वेळ सलग बोलायची सवय राहिलेली नाही.