मुगाच्या कोठीतली गोळी

आमच्या घरात आता नुसतं 'गोळी' कुणी म्हणत नाही, कशाची ते आधी सांगावं लागतं. त्याचं असं झालं, बियाण्याच्या मुगाला भुंगा लागला म्हणून ह्यांनी वडीगोद्रीहून धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आणून सासूबाईंकडे दिल्या. दुसऱ्या दिवशी आमची परी, तीन वर्षांची, ओठ चाटत आली.

"मम्मी, मुगाच्या कोठीतली गोळी खाल्ली."

मी लगेच तिच्या तोंडात बोट फिरवलं, काहीच नाही.

"आत्याबाई, कोठीत गोळ्या हायेत का?" मी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी मान खाली घातली. "हायेत."

ह्यांनी गाडीला किक मारली. मी लेकराला घट्ट धरून मागं बसले, तर सासूबाई पळत आल्या.

"एवढ्यासाठी दवाखाना? मला शुगर म्हणून तू खाऊ देत न्हाईस, मंग लिमलेटच्या गोळ्या लपवाव्या कुठं?"

"आन् भुंग्याच्या?"

"लेकराच्या घरात इख उघडू का मी? डबी माळ्यावर हाय. मुगाला राख लावली."

ह्यांनी माळ्यावर चढून पाहिलं. डबीचं सील बराबर होतं. सासूबाईंना मी लई बोलणार होते, पण माझ्या तोंडाला कोरड पडलेली. मी हात पुढं केला.

"मला बी द्या एक."