कंपाउंडरचं खातं

...आणि त्या बाई मला विचारतात, "पण तुम्ही तेच कशावरून?"

आता काय सांगायचं? सांगा ना तुम्ही. सकाळी उठलात, अंघोळ केलीत, धुतलेला शर्ट घातलात, बँकेत गेलात, पाय भरून येईपर्यंत रांगेत उभे राहिलात, आणि काचेपलीकडून कुणी विचारलं की तुम्ही ते तुम्हीच कशावरून, तर काय सांगाल? मी म्हटलं, "बाई, मी लहानपणापासून मीच आहे." मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बाई नाही हसल्या. त्यांनी माझं कार्ड उचललं आणि माझ्या तोंडाशेजारी धरलं, बाजारात दोन वांगी शेजारी धरून बघावीत तसं, आणि म्हणाल्या, "ह्या फोटोत मिशी आहे." म्हटलं, होती. "मग आता कुठे गेली?" आता मिशी कुठे जाते? पांढरी व्हायला लागली म्हणून काढली, तेव्हा कुठे ठाऊक होतं की बँकेला ती लागणार आहे, नाहीतर पुडीत बांधून ठेवली असती.

मी मीच, तुम्हाला सांगतो, पण माझं ऐकतंय कोण?

बरं, खातं मला हौस म्हणून हवं होतं का? अजिबात नाही. मी आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर आत तपासायचे, चिठ्ठी माझ्या खिडकीत यायची, मी औषध मिसळायचो, बाटलीत भरायचो, बाटलीला डोसाची कागदी पट्टी कातरून डकवायचो आणि म्हणायचो, "हलवून घ्या." पगार पाकिटात. ते पाकीट आणून हिच्या हातात द्यायचं, की माझा हिशेब मिटला. ही म्हणजे आमची मंडळी. टेलिफोनच्या ऑफिसात होती, दिवसभर फोन कानाला लावून अख्ख्या गावाचं इकडचं तिकडे जोडून द्यायची. बँक तिची, खातं तिचं, सही तिची. आणि गेल्या वर्षी ती गेली. गेली म्हणजे... गेलीच. मग बँकेचं पत्र आलं की तिचं जे काही आहे ते तुम्हालाच मिळेल, पण तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच. म्हणजे बघा, ती होती तोवर मला खात्याची गरज पडली नाही, आणि तिचं काही घ्यायचं तर आधी मी कोण ते सांगा.

तर बाईंनी दुसरं कार्ड मागितलं. दिलं. त्या म्हणाल्या, "ह्यात तुमची वेलांटी ऱ्हस्व आहे, आणि त्यात दीर्घ." म्हटलं, बाई, उच्चार तर एकच आहे. "उच्चार कंप्युटरला ऐकू येत नाही." खरं आहे. विजेचं बिल दिलं, तर ते आधीच्या मालकाच्या नावावर, तो बिचारा केव्हाच वारला, पण दिवे अजून त्याच्याच नावानं लागतात. मग म्हणाल्या, सही करा. केली. पुन्हा करा. केली. आणखी एकदा. केली. त्यांनी तिन्ही सह्या निरखल्या. "ह्या तिन्ही तुमच्याच?" आता काय आहे, दवाखान्यात माझी सही कुणी मागितलीच नाही. मी हातानं लिहिलं काय, तर "दिवसातून तीनदा, जेवणानंतर". ते सांगा, डोळे मिटून एकसारखं लिहून देतो. पण त्याच्यावर खातं उघडत नाहीत.

शेवटी बाई जरा मऊ झाल्या. वाईट नाही हो ती बाई, डोळ्यांखाली काळं आलेलं, टेबलावर तिचा चहा गार होऊन त्याच्यावर साय धरलेली. म्हणाली, "आजोबा, असं करा. ह्याच शाखेत खातं असलेलं, तुम्हाला बरीच वर्षं ओळखणारं एक माणूस घेऊन या. त्यांनी सही दिली की झालं."

मी तिथून निघालो तो छाती काढूनच. ओळखणारं माणूस? अहो, अर्ध्या गावाला मी खोकल्याचं औषध पाजलंय.

पहिल्यांदा गेलो केस कापणाऱ्याकडे. जन्मभर त्याच्याच खुर्चीत बसतोय. म्हटलं, मला ओळखतोस ना? म्हणाला, "म्हणजे काय साहेब, तुमचा भोवरा उजवीकडे आहे." म्हटलं, सही देशील? तर मान तिरकी करून बघतोय. "ओळखतो हो मी तुम्हाला, पण मागून. समोरून आलात की जरा विचार करावा लागतो." मग वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांनी दार उघडलं, पदर सारखा केला, म्हणाल्या, "देते की सही, न द्यायला काय झालं. पण नाव काय घालू? आम्ही तर तुम्हाला 'ताईंचे मिस्टर' म्हणतो." मग गेलो दवाखान्यात. आमचे डॉक्टर गेले, पण त्यांचा मुलगा आता तिथेच बसतो. ह्याला मी खांद्यावर घेऊन गोवराच्या दिवसांत फेऱ्या मारल्यात. "काका, बसा, आत्ता लिहून देतो." छापील कागद काढला, पेन उघडलं, 'श्री' लिहिलं, आणि पेन जे थांबलं ते थांबलंच. "काका, तुमचं पूर्ण नाव काय हो?" म्हटलं, बाळ, अर्धं कुठलं माहीत आहे तुला? लाजला बिचारा. शिवाय त्याचं खातं निघालं दुसऱ्याच बँकेत.

राग नाही आला. खरंच नाही. घरी येऊन बसलो आणि विचार करत राहिलो की मला नावानं हाक मारणारं कोण होतं? आई-वडील गेले त्याला जमाना झाला. डॉक्टर 'कंपाउंडर' म्हणायचे. पेशंट 'अहो खिडकी' म्हणायचे, कितीतरी जण. आणि ही? ही 'अहो'. सकाळी 'अहो', संध्याकाळी 'अहो', रागावली तर 'अहो ऐकताय ना'. मला तेव्हा कधी वाटलं नाही की त्यात काही कमी आहे. तिच्या 'अहो'त मी अख्खा मावत होतो. पण ते काही बँकेला दाखवता येत नाही.

मग नाइलाजानं मेहुणीला फोन केला. हिची धाकटी बहीण. नाइलाजानं अशासाठी की ही गेल्यापासून मी तिला फोन केलाच नव्हता. काय बोलणार? दोघी बहिणी बोलायच्या, मी शेजारी पेपर धरून बसायचो, ही म्हणायची, "भाऊजी मजेत आहेत," झालं आमचं बोलणं. आता मधलं माणूसच उठून गेलं. तिनं फोन उचलला, मी सगळं सांगितलं, वेलांटीपासून मिशीपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खातं त्याच शाखेत आहे माझं. येते उद्या."

दुसऱ्या दिवशी आली. काठी घेऊन. काठी कधी लागली, मला पत्ता नाही. काचेपलीकडे त्याच बाई, मागे तसलीच रांग. बाईंनी विचारलं, "तुम्ही ह्यांना ओळखता?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं हो. 'हो' म्हटलं असतं, सही केली असती, घरी गेलो असतो.

"ओळखते?" मेहुणी म्हणाली, आणि काठी काउंटरला टेकवून दोन्ही कोपरं ठेवून उभी राहिली. "अहो बाई, हे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आमच्या वडिलांना खोकला झाला होता. हे आईशी बोलले नाहीत, ताईशी बोलले नाहीत, सगळा वेळ वडिलांच्या खोकल्याशी बोलत बसले. ओला की कोरडा, रात्री की पहाटे. ह्यांच्या घरी जाऊन बघा, तेलाच्या बाटलीला डोसाची पट्टी. केसांच्या तेलाला पट्टी. ताई म्हणायची, एक दिवस मलाही पट्टी लावतील आणि हलवून घेतील."

रांग हसली. काचेपलीकडच्या बाईसुद्धा हसल्या. मी आपला छताच्या पंख्याकडे बघतोय. म्हटलं, "अगं, एवढं पुरे, फक्त सही..."

"थांबा भाऊजी. ओळख विचारलीय त्यांनी." आणि मग जरा हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं, "ताईची संध्याकाळची पाळी सुटायची ना, तेव्हा हे ऑफिसच्या फाटकाशी उभे असायचे. पावसात, थंडीत, कधी चुकले नाहीत. आणि ती बाहेर आली की म्हणायचे, 'इकडेच आलो होतो, एका पेशंटला औषध पोचवायचं होतं.' रोज एक पेशंट. ताई मला फोनवर सांगायची आणि हसायची. दवाखाना त्याआधी केव्हाच बंद झालेला असायचा, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

तुम्हाला सांगतो, पंखा सोडून मी मेहुणीकडे वळलो.

कारण मला वाटत होतं, हिला पटलं होतं. इतकी वर्षं. मी रोज वाटेत नवा पेशंट तयार करायचो. आज म्हातारबुवांचा दमा, उद्या मास्तरांचं पित्त, एकदा तर एकाच घरात दोघांना गोवर काढला. ती शेजारून चालत विचारायची, "मग काय, बरं वाटलं का त्यांना?" मी म्हणायचो, "हो, उतार आहे." आणि तिला सगळं माहीत होतं! एकदा, एकदा तरी म्हटलं असतं, पेशंट वगैरे कुणी नाही गं, तुझ्यासाठीच आलोय. काय बिघडलं असतं? तिनंही म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही, दोघं आपले न आजारलेल्या माणसांच्या तब्येतीची चौकशी करत घरी जात राहिलो.

मी मीच, पण कसा मी, हे जिला ठाऊक होतं तिनं बहिणीला सांगितलं, मला नाही. आणि मी तर कुणालाच नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "चालेल," म्हणाल्या. "इथे सही करा." मेहुणीनं केली. मीही केली, चौथ्याच प्रकारची, पण त्यांनी काही म्हटलं नाही. खातं उघडलं, तुम्हाला सांगतो. म्हटलं, सुटलो.

"एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पश्चात कुणाचं नाव घालू?"

मूल-बाळ नाही आम्हाला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मेहुणी काठी उचलत होती. म्हटलं, हिचं घाला.

"पूर्ण नाव सांगा."

धाकटी. जन्मभर धाकटी म्हटलं तिला. कागदावरचं नाव, लग्नानंतरचं आडनाव, काही म्हणजे काही आठवेना, आठवायला मुळात माहीत तर पाहिजे. ज्या माणसानं गावभर तोंड वर करून विचारलं की मला कुणी ओळखतं का, तो मी. धाकटी माझ्याकडे बघत उभी राहिली. मग वळली आणि स्वतःच नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर, वेलांट्यांसकट. चांगलं नाव आहे हो. आधी विचारायला हवं होतं.

"नातं?" बाईंनी विचारलं.

"मेहुणी," मी घाईघाईनं म्हटलं, हे तरी येत होतं.

बाईंनी पडद्यावर वर बघितलं, खाली बघितलं. "आई आहे, बहीण आहे, मुलगी आहे, सून आहे... मेहुणी नाही ह्यात. 'इतर' टाकू?"

मी धाकटीकडे बघितलं. जगात मला ओळखणारं उरलंय ते एवढं एकच माणूस, आणि ते कंप्युटरला 'इतर' म्हणून चालतं.

"टाका," धाकटी म्हणाली. "रांग खोळंबलीय."