बाटलीनं धरलेला नंबर

मला पहिल्यांदा खटकले ते आकाशपाळण्याच्या रांगेचे लोखंडी कठडे. माझ्या अक्काची व्हीलचेअर त्यात मावतच नव्हती. दुष्काळामुळं लातूरच्या त्या पार्कातले पाण्याचे खेळ बंद, म्हणून सगळी गर्दी पाळण्यालाच.

गेटवाला म्हणाला, "नंबर पायजे तर लायनीत उभं राहा."

मी रडकुंडीला येऊन पाटीवरच्या तक्रार नंबरला फोन लावला. नुसतीच रिंग वाजली.

अक्का म्हणाली, "रडू नको गं. टँकरच्या लायनीत आपण स्वतः उभं राहतो का? घागर ठेवतो ना?" आणि तिची पाण्याची बाटली मला रांगेत ठेवायला लावली.

गेटवाला ती उचलायला आला, तशी पुढची बाई कडाडली, "हात लावू नको! नंबर हाय त्यो!"

मग मागचे लोक बाटली पायानं पुढं सरकवत राहिले. ती गेटाशी पोचली, तेव्हा गेटवाल्यानं अक्काला बाहेर पडायच्या रुंद फाटकातून आत घेतलं. त्या बाईनं आणि मी उचलून तिला पाळण्यात बसवलं, आणि मीही तिच्या शेजारी बसले.

पाळणा चढू लागला. भीतीपोटी मी पुन्हा तोच तक्रार नंबर लावला. अगदी वर गेल्यावर आवाज आला, "हॅलो, काय तक्रार आहे?"

अक्कानं फोन हिसकावला. "आता काय बी न्हाई, दादा. वर पोचलो बी आमी!"