चार खाचांची पट्टी

"हॅलो? … हॅलो? … कोन, डाक्टरसायेब का? … म्या बाबालाल. … बाबालाल, सायेब! तुमचा कंपाउंडर! … व्हय, हातकणंगल्याच्या ठेसनातनं. … न्हाय सायेब, वरडत न्हाय, म्या असाच बोलतो."

बाबालालनं जन्मात पहिल्यांदा फोन हातात धरला होता. कोल्हापूर लांब, तेव्हा कोल्हापुरापर्यंत ऐकू जाईल असंच बोलायला पाहिजे, हा त्याचा हिशेब. फोन रेल्वेचा, एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात बोलण्यापुरता. पण आज सरकारस्वारीची, म्हणजे महाराजांची, स्पेशल गाडी मिरजेकडे जायची होती, बाकीच्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या, आणि औषधं आणायला गेलेले डॉक्टर तिकडे कोल्हापूरच्या फलाटावर अडकून पडले होते. म्हणून तर ते सापडले. स्टेशनमास्तरांनी मेहेरबानी म्हणून पाच मिनिटं दिली होती आणि ते घड्याळ हातात घेऊन बाबालालच्या खांद्यापाशी उभे होते.

"पाटलांचं पोरगं आजारी हाय, सायेब. आप्पासो पाटील, त्येंचा धनू. अकरा म्हयन्यांचा. … समदी हितंच हायती की. रत्नावैनी पोराला मांडीवर घिऊन बसल्यात, आप्पा हायती, आप्पांची आई, अव्वाबी हाय. … पोट फुगलंय. … नगाऱ्यागत. टिचकी मारली की वाजतंय. … उलटी न्हाय. … हगवन हुती, ती थांबली. आता उलटंच झालंय, काल दुपारपास्नं कायबी न्हाय. वारंबी सरंना. … दूध? तोंडात धरतंय आन् तसंच निजतंय. … ताप न्हाय. अंग गार लागतंय. … अव्वा म्हंत्यात पोट चढलंय, इळा तापवून डाग देऊ. … न्हाय, न्हाय! दिऊन देतोय व्हय? म्या म्हनलं, आदी सायेबास्नी इचारू, मग तुमचा इळा."

हे सांगताना बाबालालची छाती जरा फुगली. कल्हईवाल्याचा पोरगा तो. डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वी बाटल्या विसळायला ठेवला आणि शिकवून शिकवून कंपाउंडर केला. आता सारं गाव त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचं. उरलेला अर्धा तो स्वतःच म्हणून घ्यायचा.

"काय? … अफू? … थांबा, इचारतो. अव्वा, पोराला अफू घालता का? … सायेब इचारत्यात, म्या न्हाय! … आप्पा, तुमी गप ऱ्हावा जरा, तिला बोलू द्या. … घालत्यात म्हनं, सायेब. मव्हरीएवडी. गुऱ्हाळ चालू हाय, बायका समद्या तिकडं, पोर निजून ऱ्हायला पायजे न्हवं का. … व्हय, घरोघर घालत्यात की. … पर हगवन लागल्यापास्नं बंद हाय म्हनत्यात. चार दीस झालं. … आप्पा, म्हातारीवर हात उचलू नगासा! ऐका तरी!"

आप्पासोंचा हात खाली आला, पण डोळे आईवरून हलले नाहीत. म्हातारी भिंतीला चिकटून उभी राहिली. चार नातवंडं तिनं अशीच मोहरीएवढ्या गोळीवर वाढवली होती, आणि आज भर स्टेशनात तिला चोरासारखं उभं केलं होतं.

"काय म्हनला? … मव्हरीएवड्यानं आन् चार दिसांमागच्यानं असं हुयाचं न्हाय. … बरं. … मग अफू दुसरीकडनं गेली असंल तर? … निजू द्यायचं न्हाय. … व्हय. तळपायाला टिचक्या, गार पान्याचा हबका, काय वाट्टंल ते करून जागं ठिवायचं. कोरी कॉफी चमच्या-चमच्यानं. लाल दव्याच्या पान्यानं पोट धुवायचं. नळी कपाटात हाय, ठाव हाय मला. … आन् अफू नसंल तर? … आतड्याला पीळ. … म्हंजे कापायचं? … अगाई गं. … न्हाय, काय न्हाय, बोला तुमी. … औषध? आपल्याच दवाखान्यातलं की. बाजारादिवशी न्हेलं, हगवनीचं. … व्हय, अफूच्या अर्काचं, तुमी लिवून ठिवल्यालं तेच. … बाटली? वैनी, बाटली हाय का जवळ? आना हिकडं."

रत्नाबाईनं पदराच्या गाठीतून बाटली काढली. बाबालालनं ती उजेडात धरली आणि पट्टीवरच्या खाचा दोनदा मोजल्या.

त्या काळी दवाखान्याच्या बाटलीवर चमच्याचं माप नसायचं. कागदाची एक पट्टी उभी चिकटवायची, तिला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एका वेळेला एका खाचेपर्यंत औषध प्यायचं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं अशी ती सोय. लहान पोरांच्या पट्टीला बारा खाचा, मोठ्या माणसाच्या पट्टीला चार. बाजारच्या दिवशी गर्दी फार, म्हणून बाबालाल आदल्या दिवशीच पट्ट्या कापून दोन डबड्यांत घालून ठेवायचा. धनूच्या बाटलीवर चार खाचांची पट्टी होती.

आईनं खाच बघून बघून, एक थेंब इकडे-तिकडे न करता, पोराला तिप्पट औषध पाजलं होतं. काल तीनदा. आज सकाळी एकदा. बाटली रिकामी होती.

"… हाय, हाय सायेब. ऐकतोय. … खाचा?"

बाबालालनं मागं बघितलं. आप्पासो दारात आडवे उभे होते. वैरणीच्या पेंढीसारखा माणूस उचलून फेकणारा गडी. रत्नाबाई बाबालालच्या तोंडाकडे बघत होती, देवळात बघतात तशी. इकडं आड, तिकडं विहीर.

"… बारा."

बोलून गेला आणि त्यानं पट्टीवर अंगठा ठेवला.

"… बारा, सायेब. म्याच लावल्यात की. … किती उरलंय? … हाय की. … अर्दी असंल. … डोळं? बगतो. वैनी, जरा पापनी वर करा. …"

त्यानं वाकून बघितलं. बुबुळाच्या मधोमध टाचणीनं टोचल्याएवढा काळा ठिपका. ही अफूची खूण, हे डॉक्टरांनी त्याला शिकवलं होतं, दोनदा शिकवलं होतं.

"… बऱ्या हायती बाहुल्या. … म्हंजे, हायती तशाच. … उजेड कमी हाय हितं, सायेब. …"

मास्तरांनी दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

"जी. … जी. … पीळच म्हंता? … स्पेशल गेली की पयल्या गाडीनं कोल्लापूरला आनायचं. … बरं. … तवर पोटात कायबी घालायचं न्हाय. … हालवायचं न्हाय. … निजू द्यायचं. … व्हय, सांगतो. वैनी, सायेब म्हंत्यात … निजू दे म्हंत्यात त्येला."

रत्नाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला करता येण्यासारखं काम सांगितलं होतं. तिनं पदर पोराच्या डोळ्यांवर ओढला आणि हलक्या हातानं थोपटायला लागली. बाबालालला ते बघवेना. वैनी, थोपटू नका, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं आणि ओठांवरच राहिलं. उद्या गावात काय म्हणतील, डॉक्टर काय म्हणतील, आप्पासो काय करतील, सगळं एकदम दिसत होतं. पदराखाली काय चाललंय तेवढंच दिसत नव्हतं.

"आं? … श्वास मोजू? … एका मिनिटात किती त्ये. … बरं. मास्तर, घड्याळ दावा."

त्यानं फोन कानाला तसाच धरून पोराच्या छातीवर नजर ठेवली. एक. छाती खाली गेली आणि खालीच राहिली. बाबालालनं स्वतःचा श्वास धरला. दोन. त्याच्या घरी ह्याच वयाची मदिना होती. ती निजली की छाती कशी भराभर हलते ते त्याला पाठ होतं. तीन. … चार. आता येतच नाही असं वाटलं तेवढ्यात पाच. मिनिट संपलं तेव्हा आठ झाले होते.

"आठ. … आठ, सायेब. … न्हाय, चुकलो न्हाय मोजाय. … थांबा! तुमी बोलू नगा, म्या बोलतो. सायेब, म्या खोटं बोललो. बारा न्हायती, चार हायती. चार खाचा! मोठ्या मान्साची पट्टी लावली म्या पोराच्या बाटलीला. बाजाराची गर्दी हुती, हात दुसऱ्या डबड्यात गेला. बाटली रिकामी हाय. समदी पोटात गेली. डोळ्याच्या बाहुल्या टाचनीएवड्या हायती, म्या बगितल्या आन् न्हाय सांगितल्या. पीळ न्हाय ह्यो, सायेब, अफू हाय. माझ्या हातची अफू हाय. अव्वाचा काय गुना न्हाय, वैनीचा न्हाय. नोकरी काढा, पोलिसात द्या, पर आदी सांगा, कॉफी किती घालू? … पोट आत्ताच धुवू का, का उशीर झाला? … सायेब? … किती चमचं, सायेब? … हॅलो?"

कानात नुसती घरघर.

"हॅलो? … डाक्टरसायेब? … हॅलो! … मास्तर, ह्ये बोलना का?"

मास्तरांनी मान खाली घातली. स्पेशल सुटली होती आणि लाइन आता तिच्या कामाला लागली होती. बाबालालचं बोलणं 'थांबा! तुमी बोलू नगा' इथंच तुटलं होतं. बाबालाल इतक्या मोठ्यानं सांगत सुटला होता की त्यांना मध्ये तोंड घालता आलं नव्हतं.

म्हणजे ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या तिघांनी सगळं ऐकलं होतं. बाबालालनं फोन भिंतीला अडकवला. दोनदा अडकवला, कारण पहिल्यांदा हूक सापडला नाही. मग तो वळला.

आप्पासो दारातून निघून त्याच्यापर्यंत आले होते. सदऱ्याची गळपट्टी त्यांच्या मुठीत आली, दुसरा हात वर गेला. बाबालालनं डोळे मिटून घेतले. मार पडायला हवा होता, तो पडेना. डोळे उघडले तर दोघांच्या मधे रत्नाबाई उभी होती, पोराला घेऊन. सासू आणि नवरा समोर असताना तिनं कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"मारायचं त्ये मागनं मारा," ती नवऱ्याला म्हणाली. "जागं कसं ठिवायचं त्ये ह्येलाच ठाव हाय."

आणि तिनं धनूला बाबालालच्या हातात दिलं.